डायरेक्ट बुकिंगसाठी आधी जुनी गिऱ्हाईकं धरा
दादा, तारकर्लीत दोन खोल्यांचा होमस्टे, सगळं बुकिंग ॲपवरून आणि 15 टक्क्यांच्या आसपास कमिशन जातंय म्हणताय, गिऱ्हाईक थेट तुमच्याकडे कसं येईल विचारताय, आणि वर कमेंटमध्ये सगळे स्वतःची वेबसाईट बनवा सांगतायत. माझं मत जरा वेगळं, दोन खोल्यांना वेबसाईट नंतर बघू, आधी गूगल मॅपवर बिझनेस प्रोफाईल करा, फुकट आहे, त्यात स्वतःचा नंबर आणि खरे फोटो टाका, बाथरूमचा पण टाका हो, बायका आधी तेच बघतात. बरेच लोक ॲपवर जागा बघतात आणि मग नाव गूगल करतात, तिथे तुमचा फोन दिसला पाहिजे.

दुसरं म्हणजे येऊन गेलेली माणसं. जाताना विचारून नंबर व्हॉट्सॲपवर सेव्ह करा. कोकण रेल्वेचं रिझर्वेशन आता 60 दिवस आधी उघडतं, त्यामुळे दिवाळी किंवा मे च्या सुट्टीच्या दोन अडीच महिने आधी साधा मेसेज टाका, लोक तिकीट आणि खोली एकदमच ठरवतात. रोज गुड मॉर्निंग नको, ब्लॉक करतील!

आणि रेट नुसता पाडू नका, त्यापेक्षा कुडाळ स्टेशनवरून पिकअप किंवा एक वेळचं माशाचं जेवण द्या, ते जास्त लक्षात राहतं. ॲडव्हान्स यूपीआयने घ्या पण कॅन्सल झालं तर किती परत ते आधीच लिहून पाठवा, भांडणं तिथेच होतात. फक्त ॲपवरून आलेलं चालू बुकिंग बाहेर वळवू नका, ॲपच्या नियमात बसत नाही, तिथली तुमची लिस्टिंगच उडवतात.