शिआन-लानचौला चाललो, तिथं नूडल्सच्या दुकानात जेवायचं कसं?

संत्रानगरीकर: मंडळी, कंपनीच्या मशीनच्या ट्रेनिंगसाठी पुढच्या महिन्यात चीनमध्ये शिआनला 10 दिवस अन् मग 2 दिवस लानचौला जायचंय. चायनीज म्हणजे माझ्यासाठी आजवर आपलं गाडीवरचंच, लाल ग्रेव्हीतलं मंचुरियन अन् सोया सॉसमधलं चाऊमीन. तिकडचा इंजिनियर म्हणतो तुला आमच्या जुन्या पद्धतीच्या नूडल्सच्या दुकानात नेतो. सावजी मटण चालतं मला, पण बीफ नाही, डुक्कर पण नाही. चॉपस्टिक धरता येत नाही, भाषेचा तर गंधच नाही. जमेल का? बायको म्हणते बॅगेत चिवडा भर अन् गप्प बस.

धरमपेठचा_पाहुणा: चिवडा ने, पण जमेल. आधी बीफचं बोलतो कारण तुझा खरा लोचा तिथंच आहे. लानचौचं नाव ज्या नूडल्समुळे आहे त्या बीफच्याच, तिथल्या हुई मुसलमानांची ही परंपरा, 1915 च्या सुमारास मा बावझी नावाच्या माणसानं ती नावारूपाला आणली असं सांगतात. त्यांच्या दुकानात डुकराची भीती नाही, पण रस्सा गायीच्या हाडांचाच असतो, वरचे तुकडे काढून दिले तरी तू काय ते समजून घे. म्हणून लानचौत 'च्यांग-श्वे म्येन' विचार. भाज्या आंबवून केलेल्या आंबट पाण्यातल्या नूडल्स, आपल्या आंबिलीचा लांबचा भाऊ समज, उन्हाळ्यात लोक थंडगार खातात. साधारण मांस नसतं त्यात, तरी "बीफ नको, पोर्क नको, रस्सा पण त्यांचा नको" हे त्या इंजिनियरकडून चिनीत मोबाईलवर लिहून घे अन् दुकानात दाखव. मी तेच करायचो.

ऑर्डरचं म्हणशील तर बहुतेक ठिकाणी काउंटरवर आधी पैसे, चिठ्ठी मिळते, ती नूडल्सवाल्याच्या खिडकीवर द्यायची. पैसे मोबाईलवरनं, अलीपे नावाच्या तिकडच्या पेमेंट ॲपला आपलं कार्ड इथूनच जोडून जा. लानचौत नूडल्सची जाडी पण तुम्हीच सांगायची, 'माव-शी' म्हणजे केसासारखी बारीक, 'अर-शी' जरा जाड, 'ता-ख्वान' म्हणजे पट्ट्याएवढी रुंद. नूडल्सवाला कणकेचा गोळा हाती घेतो, ओढतो, दुमडतो, परत ओढतो, दर वेळी दोऱ्या दुप्पट, 8 वेळा झालं की 256. उकळत्या पाण्यात गेल्या की मिनिटभरात वाडग्यात. फोटो काढत बसू नको, फुगतात.

सावजी_प्रेमी: काहून घाबरतं रे भाऊ! मी शिआनले गेलो होतो तं मले काय झालं सांगतो. बियांग-बियांग नूडल्स घेतल्या, एक एक पट्टा कमरेच्या बेल्टएवढा, वर तिखट अन् लसूण, अन् त्याच्यावर कडकडीत तेल ओतते, चर्रर्र आवाज, पक्की आपली फोडणी. नूडल्ससंगं एक वाडगा आला, नुसतं पांढरं कोमट पाणी. मले वाटलं हात धुवाचं, बोटं बुचकळली त्याच्यात, मस्त खळखळ धुतली. बाजूच्या टेबलावरची आजी माह्याकडे पाहत राहिली अन् मंग तिनं आपला वाडगा उचलला अन् पिऊन दाखवला. ते नूडल्स उकडलेलं पाणी होतं बाप्पा, जेवणावर पिते ते लोक, पचायले बरं म्हणते! सगळं दुकान हासलं. तिखट म्हणशील तं तिथलं लाल तेल दिसतेच भारी, वासाले मस्त, पण सावजीपुढे काहीच नाही. अन् तिथं मंचुरियन मागू नको, ते आपल्या मुंबईतलं बाळ आहे.

मटक्यावरची_रोटी: वाचून हसू आवरत नाहीये. एक सांगू का, तुम्ही याला फार परकं समजताय. आपल्याकडे लंबी रोटी करणाऱ्या बायका बघा, सैल कणीक आपटून आपटून, हातावर झुलवत ओढून पार उलट्या मटक्यावर टाकतात. कणकेत चिवटपणा आला की ती तुटत नाही, तिथं पण तीच जादू आहे, फक्त ते लोक कणकेत खारसारखं काहीतरी घालतात, पूर्वी एका झुडपाची राख घालायचे, त्यानं अजून लवचिक होते. आणि शिआनला 'ल्यांग-फी' नक्की खा, जवळजवळ सगळीकडे मिळते आणि साधी शाकाहारी पण असते. कणीक पाण्यात धुवून धुवून चीक काढतात, तो बसू देतात, मग ताटात पातळ ओतून वाफवतात आणि कापून व्हिनेगर, तिखटाचं तेल, काकडी घालून थंड देतात. कुरडयांचा चीक ज्यानं खाल्लाय त्याला पहिल्या घासातच कळेल. धुवून उरलेला चिवट भाग पण टाकत नाहीत, वाफवून स्पंजसारखे तुकडे करून वर घालतात, मसाला चांगला शोषतो तो. चॉपस्टिकचं टेन्शन नको, वाडगा तोंडाजवळ ने आणि ओढ, आवाज झाला तरी कुणी डोळे वटारत नाही. फक्त भाताच्या वाडग्यात चॉपस्टिक उभ्या खोचून ठेवू नकोस, मेलेल्या माणसापुढच्या उदबत्तीसारखं दिसतं ते, त्यांना खटकतं.

सावजी_प्रेमी: अन् कच्चा लसूण ठेवला असन टेबलावर तं तो खा. सोलाचा अन् घासासंगं चावाचा. मीटिंग असन तं नको खाऊ.

संत्रानगरीकर: भारी रे सगळ्यांना. मजकूर लिहून घेतो उद्याच. बायकोला चिकाचं वाचून दाखवलं, ती म्हणते मग चिवड्यासोबत कुरडया पण ने, त्यांना तळून खाऊ घाल.