सिअ‍ॅटलची नजर चुकली की हात सैल सुटला? संघाचा ड्राफ्ट मोजायचा तरी कसा

रेनिअर (धागाकर्ता)

‘आकडेमोड’ यांनी परवा सिअ‍ॅटल सीहॉक्स या अमेरिकन फुटबॉल संघाच्या ड्राफ्टवर, म्हणजे महाविद्यालयीन खेळाडूंमधून संघांनी दरवर्षी आळीपाळीने करायच्या निवडीवर, टिपण लिहिले. २०१० ते २०१२ या तीन वर्षांत या संघाला लॉटरी लागली आणि २०१३ ते २०१९ या सात वर्षांत जनरल मॅनेजर जॉन श्नायडर व तेव्हाचे प्रशिक्षक पीट कॅरल यांचा खरा वकूब उघडा पडला, असा त्यांचा निष्कर्ष आहे. पुरावा एकच, तो म्हणजे दोन्ही काळांत निवडलेल्यांपैकी किती जण प्रो बोलपर्यंत (हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या निवडीपर्यंत) पोहोचले याची मोजदाद. दोन ओळींत उत्तर देऊन भागणार नाही, म्हणून वेगळा धागा काढत आहे.

आधी लॉटरीबद्दल. कॅम चॅन्सेलर २०१० मध्ये १३३व्या क्रमांकावर आणि रिचर्ड शर्मन २०११ मध्ये १५४व्या क्रमांकावर, म्हणजे दोघेही पाचव्या फेरीत मिळाले. शर्मन स्टॅनफर्डमध्ये आधी रिसीव्हर (पास झेलणारा) होता आणि नंतर कॉर्नरबॅक (रिसीव्हरला रोखणारा बचावपटू) झाला. सहा फूट तीन इंचांचा कॉर्नरबॅक त्या वेळी बहुतेक संघांना अवजड वाटत असे. कॅरल यांना मात्र लांब हातांचे, उंच बचावपटूच हवे होते आणि ते कुठे स्वस्तात मिळतात हे त्यांना ठाऊक होते. जे हवे ते आधी ठरवून सलग दोन वर्षे पाचव्या फेरीतून उचलणाऱ्याला नशीबवान म्हणणे हा त्याच्या कामाचा अपमान आहे. २०१२ मध्ये ब्रूस अर्विन १५वा, बॉबी वॅग्नर ४७वा आणि क्वार्टरबॅक (चेंडू फेकून आक्रमण चालवणारा) रसेल विल्सन ७५वा घेतला, तेव्हा दुसऱ्याच दिवशी अनेक जाणकारांनी या ड्राफ्टला नापास ठरवले. पेरणीच्या दुसऱ्या दिवशी शेताचा उतारा सांगण्याचाच तो प्रकार होता. पुढे २०१४ च्या फेब्रुवारीत याच खेळाडूंनी डेन्व्हरला ४३–८ असे हरवून सुपर बोल, म्हणजे विजेतेपदाचा अंतिम सामना, जिंकला.

आता उतरणीबद्दल. २०१३, २०१४ आणि २०१५ अशी सलग तीन वर्षे सिअ‍ॅटलने पहिल्या फेरीत एकही खेळाडू घेतला नाही. २०१३ ची पहिली फेरी, म्हणजे त्या फेरीतला निवडीचा हक्क, पर्सी हार्विन या खेळाडूच्या बदल्यात मिनेसोटाला गेली आणि त्या २५व्या क्रमांकावर त्यांनी झेव्हियर ऱ्होड्स घेतला. २०१५ ची पहिली फेरी सेंटर (क्वार्टरबॅकच्या पुढच्या संरक्षक फळीच्या मध्यभागी खेळणारा) मॅक्स अंगरसह जिमी ग्रॅहॅमसाठी न्यू ऑर्लिन्सला दिली. प्रो बोलच्या मोजणीत हा खर्च कुठेच दिसत नाही, कारण जो खेळाडू निवडलाच नाही त्याला शून्य गुणसुद्धा मिळत नाहीत. शिवाय ड्राफ्टमध्ये जिंकणाऱ्या संघाचा क्रमांक शेवटी लागतो आणि नवख्या मुलाला वॅग्नर किंवा शर्मन यांना बाजूला सारून मैदानात उतरावे लागते. चौथ्या क्रमांकावर निवडणाऱ्या संघाचा नवखा पहिल्या दिवसापासून खेळतो, कारण तिथे दुसरे कोणी नसते.

म्हणून माझे म्हणणे असे, की खेळाडू ओळखणारी नजर आणि निवडीचे हक्क खर्च करणारा हात यांचे हिशेब वेगळे ठेवावेत. २०१८ मध्ये रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) रशाद पेनीला २७वा घेतला आणि त्याच जागेवरचा निक चब ३५व्या क्रमांकापर्यंत शिल्लक होता, हा नजरेचा दोष आहे आणि तो मी लपवत नाही. हार्विन आणि ग्रॅहॅम यांचे खापर मात्र स्काउटांच्या, म्हणजे खेळाडू हेरणाऱ्यांच्या, माथी फोडता येणार नाही.

आकडेमोड

आपण माझेच म्हणणे माझ्याविरुद्ध मांडले आहे. केड मॅसी आणि रिचर्ड थेलर या अभ्यासकांनी बऱ्याच वर्षांचे ड्राफ्ट तपासून दाखवले, की एकाच जागेवर खेळणाऱ्या, लागोपाठ निवडल्या गेलेल्या दोघांपैकी आधी निवडलेला अधिक सामने सुरुवातीपासून खेळेल याची शक्यता सुमारे ५२ टक्के असते. म्हणजे नाणेफेकीपेक्षा किंचित बरी. ज्या धंद्यात तज्ज्ञांची नजर इतकेच देते, तिथे शर्मनच्या हातांची लांबी ही यशानंतर रचलेली कहाणी असते. लांब हातांचे किती कॉर्नरबॅक पाचव्या फेरीत आले आणि विसरले गेले, ते कोणी सांगत नाही. संघाच्या हातात खरे तर एकच गोष्ट असते: मागे सरकायचे, म्हणजे वरचा क्रमांक देऊन खालचे अनेक घ्यायचे, आणि जास्त हक्क गोळा करायचे. ज्याच्याकडे निवडी जास्त, त्याचा ड्राफ्ट चांगला.

एरीकाठ

मागे सरकण्याचे हे स्तोत्र क्लीव्हलंडमध्ये राहणाऱ्या माणसाला कृपया ऐकवू नये.

२०११ मध्ये आमच्या क्लीव्हलंड ब्राउन्सकडे सहावा क्रमांक होता. तो त्यांनी अटलांटाला दिला आणि बदल्यात पाच निवडी घेतल्या, त्यांत पुढच्या वर्षीची पहिली फेरीही होती. आपल्या सूत्राप्रमाणे हा आदर्श सौदा ठरतो. अटलांटाने रिसीव्हर ज्युलिओ जोन्स घेतला, ज्याने २०१५ च्या एका हंगामात १,८७१ यार्ड काढले. आम्ही मिळालेल्या निवडींतून फिल टेलरसाठी पुन्हा वर सरकलो, दुसऱ्या फेरीत ग्रेग लिटल घेतला आणि २०१२ मध्ये अटलांटाच्याच २२व्या क्रमांकावर २८ वर्षांचा क्वार्टरबॅक ब्रँडन वीडन आणला. त्याच ड्राफ्टमध्ये रसेल विल्सन ७५व्या क्रमांकापर्यंत बसून होता. त्याच दिवशी तिसऱ्या क्रमांकावर ट्रेंट रिचर्डसन घेण्यासाठी एक जागा वर सरकून आम्ही तीन निवडी दिल्या, आणि सतरा महिन्यांत त्याला इंडियानापोलिसला विकूनही टाकले. त्या विक्रीतून आलेली पहिली फेरी जॉनी मँझेलवर खर्च झाली.

एक ड्राफ्ट दुसऱ्याला खातो तो असा. २०१७ चा हंगाम आम्ही ०–१६ असा संपवला. जानेवारी २०१८ मध्ये गोठवणाऱ्या थंडीत चाहत्यांनी स्टेडियमभोवती निषेधाची मिरवणूक काढली, तिच्यात मी मुलाला खांद्यावर घेऊन चाललो आहे. त्या दिवशी कोणी ५२ टक्क्यांचा दाखला दिला असता तर मी त्याच्याशी बोललो नसतो.

आकडेमोड

आपल्या मुलाबद्दल सहानुभूती आहे. पण एका दुर्दैवी संघाचे उदाहरण म्हणजे पुरावा नव्हे. २०११ चा सौदा योग्य होता. त्यातून केलेली खरेदी चुकली.

एरीकाठ

म्हणजे खरेदी चुकू शकते. जर खरेदी चुकू शकते, तर ती साधणारी नजरही असलीच पाहिजे. मग आपल्या ५२ टक्क्यांचे काय करायचे ते आपणच ठरवावे.

आणि दुर्दैव म्हणाल तर तेही नव्हे. त्याच २०१२ मध्ये ३७व्या क्रमांकावर आम्ही मिचेल श्वार्ट्झ घेतला, जो उत्कृष्ट टॅकल (संरक्षक फळीच्या टोकाचा खेळाडू) निघाला. २०१६ मध्ये करार संपताच तो कॅन्सस सिटीला गेला आणि तिथे सुपर बोल जिंकला. निवड आमची, फळ त्यांचे. आमच्याकडे दर दोन-तीन वर्षांनी व्यवस्थापन बदलते, नव्या माणसाला जुन्याने निवडलेली मुले नको असतात, आणि ड्राफ्टची समीक्षा करणारे सगळे स्काउटांवर तुटून पडतात. मालकाचे मूल्यमापन कोणी करीत नाही. श्नायडर २०१० पासून एकाच खुर्चीवर आहेत. निम्मे यश त्या खुर्चीचे आहे.

चार्ल्सकाठ

मालकाविषयीच्या वाक्याशी मी पूर्ण सहमत आहे, आणि विषय टिकवून धरण्याचा निघाला आहे तर पुढे महान ठरलेला क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी याच्याबद्दल बोलणे भाग आहे. २००० मध्ये तो १९९वा निवडला गेला, म्हणून त्याला कायम नशिबाच्या खात्यात टाकले जाते. त्याच्याआधी आमच्या न्यू इंग्लंड पेट्रियट्सनी स्वतःच सहा खेळाडू घेतले होते, हा आक्षेपही मी शेकडो वेळा ऐकला आहे. त्या वर्षी आमच्या संघात मात्र चार क्वार्टरबॅक ठेवले गेले होते, हे कोणी सांगत नाही. सहाव्या फेरीतल्या चौथ्या क्वार्टरबॅकसाठी जागा अडवून ठेवणे कोणत्याही संघाला परवडत नाही. बहुतेकांनी त्याला सोडून दिले असते. सप्टेंबर २००१ मध्ये जेट्सविरुद्ध मुख्य क्वार्टरबॅक ड्रू ब्लेडसो जखमी झाला तेव्हा मी विद्यार्थी होतो आणि आमच्या खोलीतल्या सगळ्यांनी हंगाम संपला असे समजून टीव्ही बंद केला होता. प्रशिक्षक बेलिचिक यांच्याकडे मात्र वर्षभर घडवलेला माणूस तयार होता. त्यामुळे ड्राफ्ट त्या दिवशी संपतो हे गृहीतकच मला अमान्य आहे.

रेनिअर

चार क्वार्टरबॅकांचा मुद्दा मला पटतो, कारण तो माझ्या मांडणीत बसतो: ती नजर होती, फक्त ती ड्राफ्टच्या दिवशी दिसली नाही.

आकडेमोड, मॅसी आणि थेलर यांचा निष्कर्ष आपण अर्धाच सांगितला. वरच्या निवडी महाग पडतात, हे त्यांच्या युक्तिवादाचे हृदय होते, आणि त्यांनी तपासलेले ड्राफ्ट जुन्या पगारपद्धतीचे होते. २०१० मध्ये पहिल्या क्रमांकाच्या सॅम ब्रॅडफर्डला सहा वर्षांसाठी ७ कोटी ८० लाख डॉलरचा करार मिळाला, त्यातले ५ कोटी हमीचे होते. लीग आणि खेळाडू यांच्यातल्या २०११ च्या नव्या सामूहिक करारानंतर पहिल्याच क्रमांकाच्या कॅम न्यूटनला चार वर्षांचे सुमारे २ कोटी २० लाख मिळाले. किंमत इतकी घसरल्यावर मागे सरकण्याचे गणित तसेच कसे राहील?

सिअ‍ॅटलचेच उदाहरण घ्या. २०१७ मध्ये २६वा क्रमांक सोडून आम्ही ३१, मग ३४, मग ३५ असे घसरत गेलो आणि मलिक मॅकडॉवेल घेतला, जो त्याच उन्हाळ्यात वाहन अपघातात जखमी झाला आणि सिअ‍ॅटलसाठी एकही सामना खेळला नाही. अपघात कोणाच्या हातात नसतो. परंतु आम्ही सोडलेल्या क्रमांकानंतर चारच जागांनी, ३०व्या क्रमांकावर, पिट्सबर्गने टी. जे. वॉट घेतला. वाढीव निवडी आम्हाला मिळाल्या, वॉट मिळाला नाही.

पहाटपाळी

मी पुण्यातून सोमवारी पहाटे पाचला उठून सुपर बोल पाहणारा आहे, त्यामुळे माझे मत दुरून आलेले समजावे. नोकरीनिमित्त महाविद्यालयांमध्ये मुलाखती घेण्याचे काम मी बरीच वर्षे केले आहे. आमच्याकडेही निवडलेल्यांपैकी किती टिकले याचा तक्ता दरवर्षी होत असे, पण ज्यांना नाकारले ते पुढे काय झाले याचा तक्ता एकदाही झाला नाही. ड्राफ्टमध्ये तो तक्ता सर्वांसमोर उघडा असतो. त्यामुळे प्रत्येक निवडीची तुलना तिच्यानंतर लगेच गेलेल्या त्याच जागेवरच्या दोन-तीन खेळाडूंशी करावी, इतके साधे माप मला पुरेसे वाटते.

आकडेमोड

त्या साध्या मापाने पेनी आणि चब यांचा निकाल लागलेलाच आहे, हे धागाकर्त्यांनी लक्षात घ्यावे.

रेनिअर

घेतले आहे, आणि पहिल्याच प्रतिसादात लिहिलेही आहे. त्याच मापाने २०१९ ही पाहा. पेट्रियट्सनी ३२व्या क्रमांकावर रिसीव्हर एन्कील हॅरी घेतला, तेव्हा डीबो सॅम्युअल, ए. जे. ब्राउन आणि डी. के. मेटकाफ हे तिघेही शिल्लक होते. पुढे ६४वा क्रमांक त्यांनी आम्हाला दोन खालच्या निवडींच्या बदल्यात विकला आणि त्यावर आम्ही मेटकाफ घेतला. आपल्या टिपणात ज्या सात वर्षांना अपयशी म्हटले आहे, त्यांतलेच हे शेवटचे वर्ष आहे.

चार्ल्सकाठ

हॅरीचा बचाव मी करणार नाही; बॉस्टनमध्ये कोणीच करत नाही. मात्र एका हॅरीवरून वीस वर्षे पुसली जात नाहीत, हेही नोंदवून ठेवतो.

आकडेमोड

हार्विन आणि ग्रॅहॅमसाठी दिलेल्या पहिल्या फेऱ्या खर्च म्हणून धरायला हव्यात, एवढे मी स्वीकारतो, आणि सुधारित तक्ता त्याप्रमाणे करीन. पण मग आपल्यालाही एक स्वीकारावे लागेल. ग्रॅहॅमसाठी दिलेल्या ३१व्या क्रमांकावर न्यू ऑर्लिन्सने स्टीफन अँथनी घेतला, जो फारसा टिकला नाही. खर्चाची किंमत तिथे मिळालेल्या खेळाडूवरून लावली तर सिअ‍ॅटलने काहीच गमावले नाही, आणि हार्विनच्या बाबतीत ऱ्होड्स गमावला. दोन्ही ठिकाणी हक्क एकच, किंमत वेगळी. धागाकर्त्यांनी ऱ्होड्सचे नाव घेतले आणि अँथनीचे घेतले नाही.

रेनिअर

अँथनीचे नाव घेतले नाही, कारण माझ्या हिशेबात त्या जागी न्यू ऑर्लिन्सने कोण घेतला यापेक्षा सिअ‍ॅटलने अंगर दिला हे मोठे आहे. सेंटर गेल्यावर विल्सनला पुढची वर्षे कोणत्या संरक्षक फळीमागे खेळावे लागले ते आम्ही दर रविवारी पाहिले. तरीही आपण म्हणता ते रास्त आहे, आणि ऱ्होड्सचे नावही त्याच न्यायाने काढायला हवे. तक्त्यात क्रमांकाची सरासरी किंमत धरा, खेळाडूचे नाव नको. अंगर मात्र वेगळ्या रकान्यात ठेवा.