इंदूरला दोन दिवस, सोबत आई (सी विंग ग्रुप)

सी-३०२: नमस्कार मंडळी. पुढच्या शुक्रवारी रात्रीच्या अवंतिका एक्सप्रेसने इंदूरला चाललोय. आम्ही दोघं, मुलगी आणि आई. शनिवार-रविवार हातात आहेत. कुठे खायचं, काय बघायचं सांगा. आईचे गुडघे दुखतात, फार चालणं नको.

सी-१०४: सराफा!! दुसरं काही बघू नका.

सी-५०१: आई सोबत असतील तर छप्पन दुकान ही खाऊगल्ली बरी. तिथे निदान बसायला मिळतं, गाड्या आत येत नाहीत.

सी-१०४: इंदूरला जाऊन हॉट डॉग खायचा का दादा 😄

सी-५०१: अरे तिथल्या जॉनीचा हॉट डॉग नावालाच. तव्यावर शेकलेला पाव आणि आत बटाट्याची टिक्की. आधी खा, मग बोल.

सी-२०३: ३०२ दादा, माझं माहेरच इंदूरचं, त्यामुळे जरा लांबण लावते. गाडीतून उतरलात की हॉटेलचा नाश्ता घेऊच नका. कुठल्याही चौकात पोह्यांचा ठेला दिसेल. खाली उकळत्या पाण्याचं पातेलं आणि वर पोह्यांची परात, वाफेवरच गरम राहतात. आपल्यासारखे फोडणीतून सरळ ताटात येत नाहीत, म्हणून मऊ लागतात. फोडणीत बडीशेप असते. वरून शेव, कच्चा कांदा आणि जिरावन नावाचा मसाला. सोबत जिलबी घ्यायचीच. एक घास तिखट, एक गोड.

सी-४०१ काकू: पोह्यांत बडीशेप? आमच्याकडे कोणी खाणार नाही.

सी-२०३: काकू, दुसऱ्या दिवशी तुम्हीच मागाल 😀

सी-२०३: आता सराफा. दिवसा तिथे खरोखर सोन्या-चांदीची दुकानं असतात. रात्री त्यांची शटर खाली आली की त्यांच्याच ओट्यांसमोर खाण्याचे ठेले लागतात. सगळे सांगतात अकरानंतर जा, खरी मजा तेव्हाच. पण शनिवारी त्या वेळी गल्लीत पाऊल ठेवायला जागा नसते. आईंना घेऊन साडेआठ-नऊलाच पोचा, ठेले लागत असतानाच. दहाच्या आत बाहेर पडा. उभ्यानेच खावं लागतं, हे मात्र धरून चला.

सी-३०२: तिथे नक्की काय काय खायचं?

सी-२०३: चौघांत एकच प्लेट, हा नियम. नाहीतर दुसऱ्याच ठेल्यावर पोट भरतं आणि उरलेला सराफा नुसता बघावा लागतो. भुट्टे का कीस पहिला. किसलेला मका तुपात परतून दुधात शिजवतात, वर खोबरं-कोथिंबीर. आईंना नक्की आवडेल, मऊ असतो. मग गराडू. हा कंद थंडीतच मिळतो, म्हणजे तुमची वेळ बरोबर आहे. तळून वर मसाला आणि लिंबू. जोशींचा दहीवडा खाण्याइतकाच बघण्यासारखा. दह्याचा द्रोण हवेत उडवून झेलतात आणि वेगवेगळे मसाले एकाच चिमटीत धरून एकेक करून सोडतात. मुलीला पुढे उभी करा. जलेबा म्हणजे ताटाएवढी जिलबी. फोटोला छान, चवीला सकाळची छोटीच सरस. आणि शिकंजी मागवलीत तर लिंबू सरबत येणार नाही. आटवलेल्या दुधाचं, सुकामेवा घातलेलं, घट्ट पेय येतं. अर्धा ग्लासच घ्या, जेवणाइतकं जड असतं.

सेक्रेटरी: उद्या टाकी धुणार आहेत. सकाळी १० ते १ पाणी बंद. कृपया भरून ठेवावे.

सी-१०४: 👍

सी-६०२ काका: खाणं झालं असेल तर राजवाड्याचं बोलू का? होळकरांचा सात मजली वाडा. खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी. १९८४ च्या दंगलीत आग लागून बराच भाग गेला, नंतर दुरुस्त केला. सराफा त्याच्या मागच्याच अंगाला. तेव्हा संध्याकाळी उजेडात वाडा बघा, मग खायला वळा, वेगळी फेरी नको. होळकर संघाने चार वेळा रणजी करंडक जिंकला, कर्नल सी. के. नायडू कर्णधार होते...

सी-५०१: काका, क्रिकेट नंतर 😄

सी-६०२ काका: बरं बरं. काच मंदिर तिथून जवळच आहे. जैन मंदिर, सेठ हुकुमचंद यांनी बांधवलेलं. भिंती, छत, खांब, सगळीकडे काचकाम. आत फार चालावं लागत नाही. कृष्णपुऱ्याच्या छत्र्याही त्याच भागात, होळकरांच्या स्मरणार्थ.

सी-४०१ काकू: एवढं लांब जाताय तर उज्जैन करूनच या. महाकाल तासाभरावर.

सी-२०३: काकू, रस्ता तासाभराचा, पण शनिवार-रविवारी दर्शनाच्या रांगेत अख्खा दिवस जातो. आईंच्या गुडघ्यांचा विचार करता मी तरी नको म्हणेन. उज्जैनसाठी वेगळं जावं, आठवड्याच्या मधल्या वारी.

सी-४०१ काकू: देवाच्या दारी कसली घाई? पण ठीक, तिच्या गुडघ्यांचं तिलाच ठाऊक.

सी-३०२: आईला विचारलं. म्हणाली उज्जैन नको, महेश्वर जमेल का?

सी-६०२ काका: महेश्वर उत्तम! अहिल्याबाईंची राजधानी. साधारण नव्वद किलोमीटर. सकाळी टॅक्सीने निघा, संध्याकाळी परत. त्यांचा वाडा बघा, अगदी साधा आहे. पण घाटाच्या पायऱ्या खूप आहेत. आईंना वरूनच नर्मदा दाखवा. वाटल्यास नावाड्याला विचारा, कुठून कमी उतरावं लागेल.

सी-२०३: आणि माहेश्वरी साडी तिथेच, हातमागावरच्या विणकरांकडून घ्या. इंदूरच्या बाजारात तीच नावं असतात, पण हातमाग की यंत्रमाग हे ओळखणं कठीण.

सी-३०२: म्हणजे शनिवारी पोहे, हॉटेलवर आराम, संध्याकाळी राजवाडा आणि सराफा. रविवारी महेश्वर. मग छप्पन दुकान कधी?

सी-५०१: शनिवारी दुपारी! मी काय उगीच सांगत होतो का?

सी-२०३: दुपारी तिथे भरपेट खाल्लंत तर रात्री सराफ्यात नुसतं पाणी प्याल. रविवारी महेश्वरहून परतल्यावर जा, आईंना बसायलाही मिळेल.

सी-५०१: चालेल. पण बेंजो विसरू नका. पावात ऑम्लेट असतं, आई खात नसतील तर त्यांच्यासाठी खोपरा पॅटिस.

सी-४०१ काकू: जिरावनचं एक पाकीट माझ्यासाठी आणाल का? नुसतं बघायला.