'द आयगर सँक्शन' पाहिलाय? काय लक्षात राहिलं?

क्लिंट ईस्टवुडच्या चाहत्यांनी केलेल्या कुठल्याही यादीत 'द आयगर सँक्शन' (१९७५) वर नसतो, आणि ते योग्यच आहे. गोष्ट सुमार आहे. जोनाथन हेमलॉक हा कलेचा प्राध्यापक. एका सरकारी गुप्त खात्यासाठी तो खून करायचा आणि त्या पैशातून पिसारोसारख्यांची चित्रं घ्यायचा. आता धंदा सोडलाय, तर आणखी दोन माणसं मारायला त्याला परत ओढून आणतात. दुसरा बळी स्वित्झर्लंडमधल्या आयगर शिखराच्या उत्तर भिंतीवर निघालेल्या तुकडीतला एक जण आहे. कोण ते माहीत नाही, फक्त तो लंगडतो एवढी खबर. म्हणून हेमलॉकनेही तुकडीत शिरायचं, चढता चढता माणूस ओळखायचा आणि तिथेच उडवायचा. अठराशे मीटरची उभी भिंत चढायला निघालेला माणूस लंगडा कसा असेल, हे विचारायचं नाही.

तरीही मी हा सिनेमा अधूनमधून लावतो, कारण त्यातला डोंगर खरा आहे. स्टुडिओतला पुठ्ठ्याचा खडक नाही, मागे पडद्यावर सरकणारे ढग नाहीत. दिग्दर्शक ईस्टवुड स्वतःच नायक, वय चव्वेचाळीस, आणि दोरावर लोंबकळतोय तोही तोच. आजचे निळ्या पडद्यासमोरचे कडे पाहिल्यावर हे जास्तच जाणवतं.

तुम्ही कधी पाहिलात, काय आवडलं, काय डोक्यात गेलं, ते ऐसपैस लिहा. नुसतं 'भारी' किंवा 'भंगार' नको. पन्नास वर्षं होऊन गेली आहेत, त्यामुळे शेवट फोडायला हरकत नाही. ज्यांना आधी बघायचाय त्यांनी इथूनच परत फिरावं.

घाटमाथा

आमच्या गिर्यारोहण मंडळात या सिनेमाची व्हीएचएस हातोहात फिरायची. सुरुवातीचा झुरिकमधला खून वगैरे कुणी बघायचंच नाही, थेट अॅरिझोनाच्या वाळवंटातल्या मॉन्युमेंट व्हॅलीपर्यंत टेप पुढे पळवायची. तिथला टोटेम पोल हा वालुकाश्माचा सुळका, चारशे फुटांच्या आसपास, बुंध्यापासून टोकापर्यंत जवळपास सारख्याच जाडीचा. जीवधनची वानरलिंगी ज्यांनी केलीय त्यांना तो बघताना तळहाताला घाम सुटेल. ईस्टवुड आणि जॉर्ज केनेडी माथ्यावर बसलेत आणि हेलिकॉप्टरमधला कॅमेरा मागे मागे जातो, तेव्हा त्या दोघांच्या चारही बाजूंना हवेशिवाय काही नाही हे दिसतं. तो प्रसंग मी किती जणांना पकडून दाखवला असेल!

वर पोचल्यावर बेन, म्हणजे केनेडी, हेमलॉकला चढाईसाठी तयार करणारा त्याचा जुना दोस्त, बिअर हवी का विचारतो. हेमलॉक वैतागतो, इथे कुठली बिअर? तर ती त्याच्याच सॅकमध्ये भरलेली असते, पठ्ठ्याने नकळत स्वतःच वर वाहून आणलेली. आमच्याकडे नवीन पोरांच्या सॅकमध्ये दगड भरायची पद्धत होती, ती या सिनेमाआधीची की नंतरची हा वाद अजून मिटलेला नाही.

एक गोष्ट मला बरीच नंतर कळली. टोटेम पोल तिथल्या नवाहो आदिवासींसाठी पवित्र, त्यामुळे तिथे चढाईला परवानगी नव्हती. चित्रीकरणाला होकार मिळाला तो अशा बोलीवर की आधीच्या गिर्यारोहकांनी ठोकून ठेवलेल्या मेखा या लोकांनी उपटून काढायच्या. म्हणजे सिनेमावाल्यांनी सुळका घाण करण्याऐवजी साफ केला. आपल्याकडच्या सुळक्यांवर गंजलेल्या मेखांची आणि फाटक्या दोरांची जी जत्रा आहे ती पाहता अशी अट इथेही कुणीतरी घालायला हवी.

तांत्रिक बाबतीत फारशी खोट काढता येत नाही. त्या काळी बिले (चढणाऱ्या सोबत्याचा दोर धरून त्याला सांभाळणं) देताना दोर कमरेभोवती फिरवून घ्यायचे, आमच्या सीनियर लोकांनीही तसंच शिकवलं होतं. ईस्टवुडला योसेमिटीत तयार केलं माइक हूव्हरने. हा स्वतः गिर्यारोहकही आणि कॅमेरामनही, त्याच्या 'सोलो' या लघुपटाला आधी ऑस्करचं नामांकन मिळालेलं. आयगरवर सुरक्षेचं काम पाहणाऱ्यांत स्कॉटलंडचा हेमिश मॅकिनिस होता. अशी माणसं सोबत असली की गाठी आपोआप बरोबर बसतात. ईस्टवुडचे पाय मात्र चढताना फार सरपटतात. नवशिक्यासारखं हातांवर ओढून घेतो. पण अगदीच मोजक्या तयारीवर आयगर म्हणजे काय खायचं काम आहे का?

रात्रपाळी

नव्वदच्या दशकात केबलवर मध्यरात्री लागायचा. मला झोप आली. त्या लाल उजेडाच्या अंधाऱ्या खोलीत बसलेला ड्रॅगन नावाचा बॉस, पांढराफटक, उजेड सहन न होणारा, पूर्वाश्रमीचा नाझी! बॉन्डपटांत टाकाऊ ठरलेला खलनायक इथे आणून बसवलाय. आयगर दिसेपर्यंत एक तास कधीच उलटून गेलेला असतो. घाटमाथा म्हणतात तसं टेप पळवायची सोय तेव्हा केबलवर नव्हती हो.

जाई

डोंगराबद्दल सगळं मान्य. पण मी हा नवऱ्याच्या आग्रहाखातर पाहिला आणि पहिल्या तासात दोनदा उठून गेले. यातल्या बाया पहा. विद्यार्थिनी येते ती मार्कांसाठी लगट करायला. अॅरिझोनात हेमलॉककडून पळण्याचा सराव करून घेणारी आदिवासी मुलगी, तिला जवळजवळ संवादच नाहीत, ती धावते आणि हसते. व्हॉनेटा मॅक्गीला घेतलं ही त्या काळात मोठीच गोष्ट होती, पंचाहत्तर साली गोऱ्या नायकाची प्रेयसी कृष्णवर्णीय. पण पात्राचं नाव काय ठेवलं? जेमायमा ब्राऊन. अमेरिकेत पॅनकेकच्या पाकिटावर पूर्वी असायची ती 'आंट जेमायमा' म्हणजे गोऱ्यांच्या घरात राबणाऱ्या काळ्या बाईचा ठरीव मुखवटा. त्यावर नायकाची कोटीही आहे.

सगळ्यात वाईट म्हणजे माइल्स मेलो, हेमलॉकचा एकेकाळचा साथीदार. जॅक कॅसिडी हा ताकदीचा नट, पण त्याला समलिंगी माणसाची नुसती नक्कल करायला लावलीय. त्याच्या कुत्र्याचं नाव म्हणजे एक शिवी आहे, आणि ते पुन्हा पुन्हा हाकारतात. मग नायक त्याला वाळवंटात मरायला सोडून येतो आणि प्रेक्षकाने खूश व्हायचं. 'त्या काळी चालायचं' असं आता कुणीतरी लिहीलच. तेव्हाही सगळ्यांना चालत नव्हतं, फक्त त्यांना विचारत कोण होतं?

धागाकर्ता

जाई, पटलं. मूळ कादंबरी ट्रेव्हेनियन या टोपणनावाने लिहिणाऱ्या रॉडनी व्हिटेकरची, १९७२ ची. तिच्यात गुप्तहेरकथांची टर उडवायचा सूर आहे: अतिशयोक्त नावं, अतिशयोक्त पुरुषीपणा. ईस्टवुडने ते गंभीर चेहऱ्याने घेतलं. टर उडवणं गळून पडलं आणि उरल्या नुसत्या शिव्या. अर्थात कादंबरीही या बाबतीत सोवळी नाही.

प्रवासी पक्षी

आमचं वेगळंच. आईबाबांना घेऊन टूरबरोबर स्वित्झर्लंडमध्ये युंगफ्राउयोखला गेलो होतो. १९१२ साली पूर्ण झालेली ती रेल्वे आयगरच्या पोटातून बोगदा काढून नेलीय. तेव्हा गाडी आयगरवांड स्टेशनवर पाच मिनिटं थांबायची. भिंतीतच कोरलेल्या मोठ्या खिडक्या, काचेपलीकडे हजारो फूट खाली हिरवी कुरणं. टूर मॅनेजर घाई करत होता. अर्धे लोक टॉयलेटच्या रांगेत, उरलेले थेपल्यांच्या डब्याभोवती. आम्ही काचेला नाक लावून फोटो काढले आणि गाडीत बसलो. वर पोचून आइस पॅलेस, हिंदी सिनेमातल्या नटनट्यांचे पुठ्ठ्याचे पुतळे, गरम चहा.

पुढे कधीतरी हा सिनेमा पाहिला, आणि शेवटी ईस्टवुड जिथून बाहेर लोंबकळतो ती जागा ओळखीची निघाली! बोगद्यातून भिंतीवर उघडणाऱ्या वाटेने सुटकेची माणसं बाहेर येतात, त्याला दोर टाकतात, आणि त्याने स्वतःचा दोर कापून या दोरावर झोकून द्यायचं असतं. बेन ओरडतोय, काप! आणि हा सुरी हातात घेऊन थांबलाय. तो थांबलेला क्षण मला अख्ख्या सिनेमात सर्वांत खरा वाटला.

मग वाचत गेलो तर याच भिंतीवर मेलेला गिर्यारोहक टोनी कुर्झ भेटला. १९३६. चौघे होते, दोन जर्मन, दोन ऑस्ट्रियन. एकाला वरून आलेला दगड लागला, माघार घ्यावी लागली. येताना ज्या गुळगुळीत पट्ट्यावरून आडवे सरकत आले होते तिथला दोर त्यांनी काढून घेतलेला, त्यामुळे परतीची वाट बंद. तिघं गेले. कुर्झ एकटा रात्रभर दोरावर लटकत राहिला, एक हात गोठलेला. सुटकेची माणसं रेल्वेच्या बोगद्यातूनच बाहेर आली. दोर कमी पडला म्हणून दोन दोर जोडले, आणि ती जोडाची गाठ त्याच्या कॅराबिनरमधून (दोर अडकवायच्या धातूच्या कडीतून) सरकेना. वाचवणाऱ्यांपासून काही मीटरवर तो मेला. सिनेमातली माघार, जखमी फ्रेंच गिर्यारोहक, बोगदा, दोर, हे सगळं तिथूनच उचललेलं आहे. फक्त हेमलॉक वाचतो.

जाणाऱ्यांसाठी: २०१६ च्या शेवटापासून गाडी आयगरवांडला थांबत नाही. आता थांबा फक्त आइसमेअरला, आणि त्या खिडक्या डोंगराच्या दुसऱ्या अंगाला आहेत.

सूरपेटी

संगीत जॉन विल्यम्सचं आहे हे कुणीच लिहिलं नाही? त्याच वर्षी त्याचं शार्कवाल्या 'जॉज'चं संगीत आलं आणि जगाने हे विसरून टाकलं. मुख्य धून ऐका: आधी एकटा पियानो, मग जॅझच्या अंगाने जाणारी, थोडी उदास. डोंगरासाठी लिहिलेला भाग तर सिनेमापेक्षा उंच आहे.

मेख

मला हा सिनेमा आनंदाने बघता येत नाही, आणि त्याचं कारण अजून कुणी काढलं नाही म्हणून लिहितो. ऑगस्ट १९७४ मध्ये आयगरवर चित्रीकरण सुरू झाल्या झाल्या डेव्हिड नोल्स हा ब्रिटिश गिर्यारोहक दरडीत मारला गेला. तो तुकडीतल्या जाणकारांपैकी होता. सोबत असलेला माइक हूव्हर जखमी झाला. ईस्टवुडने काम थांबवायचा विचार केला होता, पण बाकीच्या गिर्यारोहकांनीच पुढे चला म्हटलं, जोखीम आम्हाला माहीत होती म्हणाले. पुढे ट्रेव्हेनियनने १९७९ च्या 'शिबुमी' या कादंबरीत एक तळटीप टाकली: आपल्या कादंबरीवर निघालेल्या निःसत्त्व सिनेमापायी एक चांगला तरुण गिर्यारोहक गेला. आणि असल्या गोष्टींचे तपशील यापुढे पुस्तकात देणार नाही, असंही त्याने ठरवून टाकलं.

धागाकर्ते म्हणतात डोंगर खरा आहे, बरोबर. पण पडद्यावर दगड कोसळतात तेव्हा मला तो खरेपणा नको होतो. ज्याची गोष्ट तुम्हीच सुमार म्हणता, त्यासाठी?

घाटमाथा

मेख, नोल्सचं माहीत होतं, लिहायला जीभ रेटली नाही. पण एक सांगतो. कॅमेरा नसता तरी ती माणसं त्या उन्हाळ्यात कुठल्यातरी भिंतीवर असतीच. सिनेमाने त्यांना तिथे नेलं नाही, फक्त पैसे दिले.

मेख

पटत नाही. स्वतःसाठी चढणारा माणूस हवा बिघडली की उतरतो. चित्रीकरणाचं वेळापत्रक पाठीशी असलं की तो किती वेळ, कुठे उभा राहणार हे दुसरंच कुणीतरी ठरवतं.

आल्प्सकर

बर्नजवळ राहते, म्हणून थोडी स्थानिक भर. भिंतीच्या पायथ्याशी क्लाइने शायडेग आहे, तिथल्या ज्या हॉटेलच्या गच्चीतून सिनेमात लोक दुर्बिणीने चढाई बघतात, ते हॉटेल अजून तसंच आहे. मरण बघायला जमलेल्या त्या श्रीमंत पाहुण्यांवर सिनेमाचा राग आहे, आणि तो राग मला खरा वाटतो. तीसच्या दशकापासून तिथे हेच चालत आलंय. कॉफी पीत खुर्चीत बसून कुणाला मरताना बघता येईल अशी भिंत दुसरी कुठे असेल असं वाटत नाही.

मेख आणि घाटमाथा यांच्या वादात एक मुद्दा. ऑगस्ट हा या भिंतीवर वाईट महिना. बर्फाने धरून ठेवलेले दगड उन्हाने सुटतात आणि दुपारभर खाली येत राहतात. १९३८ ची पहिली यशस्वी चढाई जुलैतली होती, तेव्हाचे लोक उन्हाळ्यातच जायचे. आता जाणती मंडळी बहुधा हिवाळ्याच्या अखेरीस जातात, खडक गोठून घट्ट असताना. ऊएली श्टेक या स्विस गिर्यारोहकाने २०१५ साली नोव्हेंबरमध्ये ती एकट्याने दोन तास बावीस मिनिटांत केली. सिनेमात फॉन हा डोंगरावरून उतरणारा गरम वारा येतो, सगळं वितळतं, मग पुन्हा गोठून काच होते, तो भाग बरोबर दाखवलाय. इथे फॉन सुटला की माझं डोकं दुखतं, भिंतीवर काय होत असेल!

रात्रपाळी

परत आलो. तुमच्यामुळे काल उरलेला अर्धा बघितला. भिंतीवरचा भाग झकास, शब्द मागे घेतो. ड्रॅगनबद्दलचे घेत नाही.

आता शेवटाबद्दल. बेनच लंगडतो, तोच तो माणूस, हे हेमलॉकला खाली येईपर्यंत कळत नाही? इतका हुशार प्राध्यापक, आणि आठवडेच्या आठवडे त्याच्याचकडे राहून तयारी करतोय. मला तर अॅरिझोनातच संशय आला होता, केनेडीसारखा मोठा नट नुसती बिअर पाजायला कोण ठेवेल?

जाई

दोस्ताकडे आपण तसं बघत नाही, म्हणून कळत नाही. एवढं एक मी लेखकाला माफ करते. मला खरी गंमत वाटली ती त्याच्या पुढची. तिघंही गिर्यारोहक भिंतीवर आपोआप मेलेत. ड्रॅगनला वाटतं, नेमका कोण ते कळेना म्हणून हेमलॉकने तिघांनाही संपवलं, आणि तो खूश होऊन शाबासकी देतो. हेमलॉक ते खोडून काढत नाही, कारण बेनला वाचवायचा तेवढाच एक मार्ग आहे. सिनेमाभर माणसं मारून पैसे घेणारा हा बाबा शेवटी न केलेल्या खुनांचं श्रेय घेऊन मित्र वाचवतो. हा एक धागा धरून दोन तास काढले असते तर मी उठून गेले नसते.