तापाच्या साथीत हजेरीपटाचा उपयोग कसा करावा?

प्रश्न: मी पाचवीची वर्गशिक्षिका. एकाच बाकावरची मुलं पाठोपाठ तापाने आडवी झाली. हजेरीपटात नुसतं 'गैरहजर' लागतं. फ्लूची साथ वेळेत ओळखायची कशी?

उत्तर १: शेऱ्यात कारण लिहा. ताप-खोकला वेगळा, पोटदुखी वेगळी. तापाच्या नोंदी नेहमीपेक्षा वाढल्या की आरोग्य केंद्राला कळवा, तपासणी अहवालांची वाट पाहू नका.

उत्तर २: लक्षणं दिसण्याच्या आदल्या दिवसापासूनच मूल संसर्ग पसरवू शकतं, म्हणून वर्गाच्या खिडक्या आजच उघडा. आजारी मुलाला औषधाशिवाय २४ तास ताप नसेल तरच वर्गात घ्या.

प्रश्नकर्ती: पूर्ण हजेरीच्या बक्षिसापायी मुलं अंगात ताप असतानाही येतात हो! डोळे लाल, पेन्सिलही धरवत नाही.

उत्तर १: मग ते बक्षीसच बंद करा. उद्याच मुख्याध्यापकांशी बोला.