मदत हवी आहे: शेपफाईलमधल्या आकाराचं प्रक्षेपण कोडमधून कसं ओळखायचं?

नमस्कार मंडळी,

एका जुन्या प्रकल्पाची शेपफाईल (नकाशावरचे आकार साठवणाऱ्या फाईलींचा संच) गळ्यात पडली आहे. एसएचपी, एसएचएक्स, डीबीएफ तिन्ही जागेवर, प्रक्षेपण (गोल पृथ्वी सपाट नकाशावर आणायची पद्धत) नोंदवणारी पीआरजे तेवढी गायब. पायथनच्या जिओपांडाज लायब्ररीत उघडून सीआरएस (आकडे कुठल्या निर्देशांक पद्धतीतले ते) विचारलं की ‘नन’, म्हणजे काहीच नाही. म्हटलं, एक आकार बाहेर काढून त्यालाच विचारू. तर शेपली लायब्ररीचा पॉलिगॉन क्षेत्रफळ सांगतो, हद्द सांगतो, प्रक्षेपणाचं नाव काढलं की गप्प! पोस्टजीआयएस डेटाबेसमध्ये एसटी_एसआरआयडी (सीआरएसचा क्रमांक) विचारलं, उत्तर ०, म्हणजे माहीत नाही.

टू_सीआरएसने ४३२६ मध्ये (हा अक्षांश-रेखांशांच्या सीआरएसचा ईपीएसजी कोड, म्हणजे ठरलेला क्रमांक) न्यायला गेलो तर एरर. मग सेट_सीआरएस ४३२६ दिलं, एरर गेली, पण नकाशावर आकारच दिसेना.

हद्द अशी: एक्स ४,१२,००० ते ४,३८,०००, वाय २२,१०,००० ते २२,३६,०००. प्रदेश कुठला ते डीबीएफमधल्या नावांवरून कळतं. पुढे काय करू?

प्रतिसाद १
आकाराकडे नुसत्या आकड्यांच्या जोड्या असतात, त्यामुळे त्याला विचारून उपयोग नाही. सेट_सीआरएस फक्त लेबल चिकटवतं, आकडे बदलतं ते टू_सीआरएस. तुम्ही चार लाख अंश रेखांश असं लेबल लावलंत, मग दिसणार कुठून? :)

आकडे यूटीएमचे (पृथ्वीचे साठ उभे पट्टे, म्हणजे झोन, करून मीटरमध्ये मोजणारी पद्धत) वाटतात. त्यात प्रत्येक झोनच्या मध्य रेखावृत्ताला एक्स ५,००,००० मीटर देतात, म्हणजे तुमचा तुकडा त्याच्या ६०-९० किमी पश्चिमेला. वाय विषुववृत्तापासून मोजलेला, म्हणजे साधारण २० अंश उत्तर. हेच आकडे ३८५७ चे (वेब नकाशांचं प्रक्षेपण) धरले तर सहारा वाळवंटात पोचाल.

गोची एकच, हीच जोडी साठही झोनमध्ये चालते. ३२६०१ ते ३२६६० (उत्तर गोलार्धातल्या साठ झोनचे कोड) असा लूप लावा, प्रत्येक कोड सेट करून ४३२६ मध्ये न्या आणि मध्यबिंदू छापा. आधीचं लेबल काढायला अलाव_ओव्हरराइड ट्रू द्यावं लागेल.

धागाकर्ता
साठांतली एकच जागा जुळली, आभार! पण उपग्रह चित्रावर ठेवलं तर नदीचं वळण दोनेकशे मीटर बाजूला. झोन चुकला का?

प्रतिसाद १
झोन चुकला असता तर शेकडो किलोमीटर लांब गेलं असतं. सगळीकडे एकाच दिशेला तेवढंच सरकलंय का बघा. तसं असेल तर डेटमवर (मोजणीसाठी धरलेलं पृथ्वीचं मॉडेल) संशय घ्या, जुन्या नकाशांवरून काढलेली फाईल डब्ल्यूजीएस ८४ मध्ये, म्हणजे वरचे कोड वापरतात त्या डेटममध्ये, नसणार. त्या प्रदेशाचा जुना डेटम आणि तोच झोन असलेला ईपीएसजी कोड लावून पाहा. आणि जुळला की पीआरजेसकट सेव्ह करा हो, पुढच्याचा जीव वाचेल.