बचावाची रचना बदलल्यावर लाइनबॅकरचे फॅन्टसी मूल्य कसे जोखावे?

चौथा_डाउन

आमच्या अमेरिकन फुटबॉलच्या फॅन्टसी लीगमध्ये (जिथे खऱ्या सामन्यांतील आकड्यांवरून आपण निवडलेल्या खेळाडूंना गुण मिळतात) बचावातील खेळाडूंनाही स्वतंत्र गुण मिळतात आणि खेळाडू पुढच्या हंगामासाठी राखून ठेवता येतात. एकट्याने केलेल्या टॅकलला (चेंडू नेणाऱ्याला पाडण्याला) २ गुण, असिस्टला (इतरांसोबत केलेल्या टॅकलला) १ आणि सॅकला (पास फेकण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडण्याला) ४ अशी पद्धत आहे. माझ्याकडे जो मधला लाइनबॅकर (पुढच्या फळीमागे उभा राहणारा बचावपटू) आहे, त्याच्या संघाने नवा डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर (बचावाचा प्रशिक्षक) नेमला असून संघ ४-३ (पुढच्या फळीत चार, मागे तीन लाइनबॅकर) सोडून ३-४ वर जाणार असल्याची चर्चा आहे. ४-३ मध्ये मधला लाइनबॅकर एकटाच असतो, ३-४ मध्ये आतल्या बाजूला दोघे असतात. तेव्हा टॅकलची वाटणी होणार आणि त्याचे गुण घसरणार, म्हणून त्याला आत्ताच ट्रेड करावे, असे लीगमधील एका जाणकाराचे म्हणणे आहे. हा तर्क प्रत्यक्षात कितपत टिकतो? बाहेरच्या लाइनबॅकरसाठी निराळे निकष लावावे लागतात का?

निकेल_निरीक्षक

तर्क ऐकायला सरळ आहे, पण तो ज्या बचावाचे वर्णन करतो तो बचाव आता मैदानावर फारसा दिसत नाही. प्रतिस्पर्धी तीन रिसीव्हर (पास झेलणारे) उतरवतात, म्हणून बहुतेक संघ निम्म्याहून अधिक स्नॅप (खेळी) निकेलमध्ये, म्हणजे पाच डिफेन्सिव्ह बॅक (पास अडवणारे मागचे बचावपटू) घेऊन खेळतात. निकेलमध्ये गेल्यावर ४-३ मधला स्ट्राँगसाइडचा (प्रतिस्पर्ध्याचे जास्त खेळाडू असलेल्या बाजूचा) लाइनबॅकर बाहेर येतो आणि आत दोघे उरतात. ३-४ चा संघ निकेलमध्ये गेला की बहुधा पुढच्या फळीतला मधला जाडजूड नोज टॅकल बाहेर येतो, बाहेरचे दोन लाइनबॅकर एज रशर (कडेने क्वार्टरबॅकवर धावून जाणारे) म्हणून पुढच्या फळीतच राहतात आणि आत पुन्हा तेच दोघे उरतात. कागदावरचे नाव कोणतेही असो, बराच वेळ मैदानावरचे चित्र सारखेच असते. त्यामुळे आपल्या खेळाडूबद्दल विचारायचा पहिला प्रश्न असा की, निकेलमधल्या त्या दोघांत तो आहे का. आणि दुसरा, अधिक निर्णायक प्रश्न असा की, सहावा डिफेन्सिव्ह बॅक येऊन डाइम लागते तेव्हा एकटा उरणारा लाइनबॅकर तोच आहे का.

फोयेसाडे ओलुओकुन याचे उदाहरण या संदर्भात पाहण्यासारखे आहे. २०२० मध्ये अटलांटाकडून त्याचे ११७ टॅकल होते. २०२१ मध्ये डीन पीस कोऑर्डिनेटर म्हणून आले आणि संघ ३-४ कडे वळला. आपल्या जाणकार मित्रांच्या हिशेबाने त्याचे आकडे घसरायला हवे होते. त्या हंगामात त्याने १९२ टॅकल केले आणि एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये तो पहिला आला. पुढच्या वर्षी जॅक्सनव्हिलला गेल्यावर, पुन्हा ३-४ मध्येच, १८४ टॅकल करून तो परत पहिला आला. २०२१ पासून हंगाम १६ ऐवजी १७ सामन्यांचा झाला, ही बाब वजा केली तरी फरक प्रचंड उरतो. या काळात तो जवळपास प्रत्येक स्नॅपला मैदानावर होता. खरे नुकसान होते ते ४-३ मधल्या स्ट्राँगसाइड लाइनबॅकरसारख्या खेळाडूचे, जो निकेल लागताच बाकावर जातो. त्याला मी कोणत्याही रचनेत हात लावत नाही.

दोन_सेफ्टी

निकेल_निरीक्षक यांच्या मुद्द्याशी मी बव्हंशी सहमत आहे, परंतु रचनेला काहीच महत्त्व नाही असा त्याचा अर्थ कुणी काढू नये. आकड्यांतला बदल ४-३ किंवा ३-४ या नावातून येत नाही. मागच्या बाजूला कव्हरेज (पास अडवण्याची पद्धत) कोणते आहे आणि बॉक्समध्ये (चेंडूजवळच्या भागात) किती माणसे आहेत, यातून तो येतो. झोनमध्ये (प्रत्येकाने मैदानाचा ठराविक भाग राखायचा) लाइनबॅकरची नजर क्वार्टरबॅककडे असते, छोटा पास त्याच्यासमोर झेलला जातो आणि तो पुढे धावून टॅकल करतो. मॅन कव्हरेजमध्ये (प्रत्येकाने एका प्रतिस्पर्ध्याला धरून राहायचे) तोच खेळाडू टाइट एंडच्या (पास झेलणाऱ्या एका खेळाडूच्या) मागे धावत असतो आणि चेंडू दुसरीकडे गेला की त्याची पाठ फिरलेली असते. गस ब्रॅडली यांच्या झोनप्रधान बचावात इंडियानापोलिसच्या झायर फ्रँकलिनने २०२२ मध्ये १६७, २०२३ मध्ये १७९ आणि २०२४ मध्ये १७३ टॅकल केले, हा माझ्या मते केवळ योगायोग नव्हता.

बचाव प्रशिक्षक विक फँजिओ यांच्या पद्धतीचा बचावही असाच तपासावा. दोन्ही सेफ्टी (सर्वांत मागचे बचावपटू) खोल ठेवल्यामुळे बॉक्समध्ये माणसे कमी असतात, लांब पास अडवले जातात आणि प्रतिस्पर्ध्याला धाव व छोटे पास यांवर समाधान मानावे लागते. अशा बचावात आतल्या लाइनबॅकरकडे काम आपोआप चालून येते. झॅक बॉन न्यू ऑर्लिन्समध्ये असताना एज आणि स्पेशल टीम्स (किकच्या वेळी उतरणारे पथक) यांपुरताच राहिला होता, त्यामुळे फॅन्टसीत त्याला कोणी विचारत नव्हते. २०२४ मध्ये फिलाडेल्फियात फँजिओ यांनी त्याला आत आणले आणि त्याने १५१ टॅकल, ३.५ सॅक करून ऑल-प्रोच्या (हंगामातील सर्वोत्तम खेळाडूंच्या मानाच्या यादीच्या) पहिल्या संघात जागा मिळवली. आपल्या गुणपद्धतीत ते सगळे टॅकल असिस्ट धरले तरी १५१ गुण होतात.

उलट दिशेचा प्रवास हासन रेडिकचा आहे. अॅरिझोनाने त्याला बराच काळ आत खेळवून पाहिले. २०२० मध्ये तो एजवर स्थिरावला आणि १२.५ सॅक घेऊन त्याने स्वतःची कारकीर्द सावरली. प्रत्यक्ष फुटबॉलमध्ये ही झेप मोठीच होती. पण आपल्या लीगमध्ये त्या सॅकचे गुण ५० होतात, आणि एज रशरचे टॅकल मुळातच कमी असतात. टॅकलला भरघोस गुण देणाऱ्या लीगमध्ये बाहेरच्या लाइनबॅकरवर मी आतल्यापेक्षा नेहमीच कमी बोली लावतो.

फळीचा_हिशेब

बाहेरच्या लाइनबॅकरविषयी एक गोष्ट वर राहून गेली आहे, आणि मला तीच सर्वांत महत्त्वाची वाटते. लीगच्या अॅपमध्ये खेळाडूच्या नावापुढे कोणते स्थान लिहिलेले आहे, यावर त्याचे मूल्य अवलंबून असते. सॅकवर जगणारा खेळाडू लाइनबॅकर म्हणून नोंदला गेला तर त्याची तुलना दीडशे टॅकल करणाऱ्यांशी होते. तोच डिफेन्सिव्ह लाइनमध्ये गेला तर त्याची तुलना इतर एज रशरांशी होते आणि तो अचानक मौल्यवान ठरतो.

२०११ मध्ये वेड फिलिप्स यांनी ह्यूस्टनमध्ये ३-४ आणली तेव्हा मारिओ विल्यम्स डिफेन्सिव्ह एंडचा (पुढच्या फळीतील कडेच्या खेळाडूचा) बाहेरचा लाइनबॅकर झाला. दुखापत होईपर्यंत पाच सामन्यांत त्याने ५ सॅक घेतले होते. पण स्थान बदलले तर खेळ तसाच राहूनही फॅन्टसी मूल्य उतरते. २०१३ मध्ये मॉन्टी किफिन यांनी डॅलसमध्ये ४-३ आणल्यावर डीमार्कस वेअरचा प्रवास याच्या नेमका उलट झाला. त्याचे सॅक ११.५ वरून ६ वर आले, त्यात दुखापतीचाही वाटा होता. तरी डिफेन्सिव्ह लाइनच्या रकान्यात त्याला उभे करता येणे हा त्या पडझडीतला दिलासा होता. तेव्हा आपल्या लीगचे स्थानांविषयीचे नियम आधी वाचा. ते हंगामाच्या मध्यात बदलता येतात की नाही, हेही आपल्या लीगच्या आयुक्तांना विचारून ठेवा.

चौथा_डाउन

सर्वांचे मनापासून आभार. म्हणजे माझ्या खेळाडूचा निर्णय निकेल आणि डाइममधल्या त्याच्या जागेवर अवलंबून आहे, असे दिसते. मात्र हंगाम सुरू होण्यापूर्वी हे ओळखायचे कसे? प्रशिक्षक तर सर्वांविषयीच चांगले बोलतात.

निकेल_निरीक्षक

प्रशिक्षकांची विधाने बाजूला ठेवा आणि प्रीसीझनच्या (हंगामापूर्वीच्या) सामन्यांत पहिला संघ जेवढा वेळ मैदानावर असेल, तेवढेच नीट पाहा. हेल्मेटच्या मागच्या बाजूला हिरवा ठिपका कोणाच्या आहे, ते प्रथम शोधा. २००८ पासून बचावातील एका खेळाडूच्या हेल्मेटमध्ये रेडिओ ठेवण्याची परवानगी आहे आणि हा ठिपका त्याचीच खूण आहे. ज्याला बाकावरून खेळी सांगितली जाते, त्याला मधूनच बाहेर काढणे संघाला गैरसोयीचे असते. ठिपका सेफ्टीकडे गेला असेल तर सावध व्हा. नंतर तिसरा डाउन (चार प्रयत्नांतला तिसरा) आणि सात यार्ड बाकी अशी स्थिती आली की कडेच्या रेषेकडे लक्ष ठेवा: डिफेन्सिव्ह बॅक धावत आत येताना कोण बाहेर पडतो, ते स्पष्ट दिसते.

ठिपका आपल्या खेळाडूकडे असेल आणि तो तिसऱ्या डाउनलाही आतच राहत असेल, तर रचना बदलल्याच्या भीतीने त्याला स्वस्तात सोडू नका; उलट आपल्या त्या जाणकार मित्रांकडे असा एखादा खेळाडू असेल तर त्याची ट्रेडमध्ये मागणी करून पाहा. पण तो बाहेर येत असेल, तर लीगमधल्या इतरांच्या ते ध्यानात येण्याआधी, त्याचे गेल्या वर्षीचे टॅकल दाखवून त्याला विकायला काढा.